पायांनी गढूळ केलेले पाणी

शास्त्रपाठ : यहेज्केल ३४:१७-२२, अनुवाद २५:१३-१६



यहेज्केलाच्या या अध्यायात देव प्रथम मेंढपाळांना दोष देतो आणि मग मेंढरांकडे वळतो. धष्टपुष्ट मेंढरांचा अपराध कोणता? चांगल्या कुरणात चरणे व स्वच्छ पाणी पिणे हा अपराध नव्हता. परंतु पोट भरल्यावर त्यांनी उरलेले गवत तुडवले, उरलेले पाणी पायांनी गढूळ केले, आणि मागून येणाऱ्या दुबळ्यांना तेच प्यावे लागले. त्या उरलेल्या पाण्याचा देव हिशेब मागतो.

हे वचन मी पुष्कळदा वाचले होते. माझ्या घरात ते शिरले एका वहीमुळे.

आमचे अथाल दमणगंगेच्या काठचे. आमच्या घरी भाजीपाला व आंब्याच्या कलमांचा धंदा आहे. शेत व मजूर दादा पाहतात, कागद माझ्याकडे. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने फवारणीची वही मागितली : औषध कोणते, किती, कोणत्या तारखेस मारले, त्यानंतर किती दिवसांनी तोडणी केली, पंप कोठे धुतला. चार महिने वही कोरीच होती. तपासणीच्या आदल्या रात्री मी ती एका बैठकीत भरली. खरी दिसावी म्हणून दोन पेनांनी लिहिली. वही पसंत झाली.

त्या रविवारी उपदेशाची पाळी माझी, आणि पाठ हाच. शनिवारी सायंकाळी मी ओहोळाकडे गेलो. आमचा गडी पाण्यात उतरून पंप धूत होता आणि खालच्या अंगाला पाड्यावरच्या बाया हंडे भरत होत्या. वहीत मी लिहिले होते की पंप शेतात धुतला जातो. गड्याला तसे कोणी सांगितलेच नव्हते.

रात्री मी म्हणालो, "दादा, आपली वही खोटी आहे."

ते म्हणाले, "अरे, वही तपासणाऱ्यासाठी असते. उद्या माल परत आला तर मजुरांची मजुरी तू देणार का?"

त्यांचा प्रश्न खरा होता. कुटुंबाचा धंदा म्हणजे कित्येक चुलींचा प्रश्न.

बंधूंनो, आमच्या नदीचा उगम नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आहे. तो मुलूख द्राक्षबागांचा, कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बागांचा. २०१० साली महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेहून अधिक आढळला. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची फाजील वाढ आवरण्यासाठी ते वापरीत. परदेशी माल अडकला आणि अनेक घरे कर्जात बुडाली. आपल्याकडील तपासणीच्या यादीत त्या रसायनाचे नाव नव्हते. पुढे ते घालण्यात आले. यादी पाळूनही ज्यांना फटका बसला त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. यादी न पाळता पाळल्याचे लिहिणाऱ्या मला त्यांच्यापुढे लाज वाटते.

नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधा, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही, अशी आज्ञा अनुवाद २२:८ मध्ये आहे. सरकारी नियम हाही कठडाच. १९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात की उरलेले औषध, धुवण व रिकामे डबे यांनी पाणी वा परिसर दूषित होऊ देऊ नये. डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावे. हा कठडा अधिकाऱ्यासाठी नव्हे, हंडा भरणाऱ्या बाईसाठी आहे. आणि पिशवीत दोन वजने बाळगणाऱ्याचा देवाला वीट येतो, तर माझ्या दोन पेनांविषयी काय म्हणावे?

सोमवारी मी व्यापाऱ्याला खरे सांगितले. त्याने ती खेप घेतली नाही. तोटा आम्ही दोघा भावांनी सोसला. मजुरी कापली नाही. दादा पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

पाड्यावर जाऊन कबुली देणे त्याहून जड गेले. एक म्हातारी म्हणाली, "पाण्याला वास येई त्या दिवशी आम्ही लांबच्या विहिरीवर जात होतो." त्यांना सारे ठाऊक होते. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

आता पंप ओहोळापासून दूर, शेतात धुतला जातो आणि ते पाणी त्याच पिकावर फवारले जाते. वही गड्याच्या घरी असते. त्याला लिहिता येत नाही. तो सांगतो आणि त्याची मुलगी त्याच संध्याकाळी लिहिते. परवा दादांनी स्वतः ती उघडून पाहिली व म्हणाले, "दोन दिवस थांबा, तोडणी नको. दिवस भरले नाहीत."

प्रियजनहो, जमीन देवाची आहे. आपण तिच्यावर पाहुणे आहोत, असे लेवीय २५:२३ सांगते. आपले शेत असो, गोठा असो वा गिरणी, तेथून वाहणारे पाणी पुढे कोणाच्या हंड्यात जाते ते या आठवड्यात जाऊन पाहा. आपल्या वहीत काय लिहिले आहे तेही पाहा. दोन्हींत अंतर असेल तर प्रथम वही नव्हे, काम सुधारा, आणि ज्याचे पाणी गढूळ केले त्याच्या दारी जा.

उत्तम मेंढपाळ आपणांस तसे धैर्य देवो. आमेन.