मधली पाने

भेडाघाटास नावेतून जाताना संगमरवराच्या शुभ्र कड्यांवर नजर खिळते. त्या कड्यांना छेदून गेलेल्या गडद हिरव्या शिरांकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. त्या अग्निज खडकाच्या आहेत. तापलेला शिलारस भेगांत शिरला आणि तेथेच थिजला. ज्याला छेदावयाचे ते आधी असलेच पाहिजे. म्हणून संगमरवर वडील, शीर धाकटी. किती वर्षांनी धाकटी, हे या अनुमानातून कळत नाही. खालचा थर वरच्याहून जुना, हा स्टेनोने १६६९ साली मांडलेला नियमही असाच तारखेवाचून चालणारा. आम्हां कारकुनांना तो नवा वाटू नये. आमच्या फायलीतही जुना कागद तळाशीच असतो.

पण मधले थरच नाहीसे झाले असतील तर? १७८८ साली जेम्स हटन स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंटला नावेने गेला. तेथे खालचे करडे थर जवळजवळ उभे आहेत आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित उतरते पसरले आहेत. गाळ तर आडवा साचतो. म्हणजे खालचे थर साचले, दगड झाले, उभे उचलले गेले, झिजले आणि मग वरचे साचले. एवढा सगळा काळ त्या एका रेषेत आहे. त्याचा एकही थर तेथे नाही. आज तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा मानतात. हटनपाशी आकडा नव्हता. तरीही थर नाही म्हणून काळच नाही, असे त्याने मानले नाही.

मी मानले होते. एका वृद्ध दफ्तऱ्याच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण माझ्याकडे आले, तेव्हा त्याच्या सेवापुस्तकातील तीन वर्षांची पाने गहाळ होती. ‘या काळातील सेवेचा पुरावा उपलब्ध नाही; सबब ती हिशेबात धरू नये,’ अशी टिप्पणी मी लिहिली. पूर्वार्ध खरा होता. उत्तरार्धाचा भार ‘सबब’ या एका शब्दाने पेलतो काय, हे मी तपासले नाही. पाने हरवली होती कार्यालयाने. शिवाय त्या पानांच्या अलीकडचा आणि पलीकडचा पगार ताडून पाहिला असता, तर मधल्या तीन वेतनवाढी उघड दिसल्या असत्या. रिकाम्या जागी मनाचे काही भरू नये हे खरेच. पण ती जागा कोरी होती असे म्हणणे, हेही मनाचेच भरणे नव्हे काय?

‘बाबूजी, मग त्या तीन वर्षांत मी होतो तरी कोठे?’ एवढेच त्याने विचारले.

वेतनवाढींचा दाखला देऊन मी दुसरी टिप्पणी जोडली आहे. पहिली तिच्याखाली, माझ्या सहीसह, आहे तशीच आहे.