शीलाचा आदेश प्रथम पुरुषाला

मांडव्याच्या जेट्टीपासून समुद्रमार्गे मुंबई तासाभरावर आहे. रायगड किनाऱ्यावरील कितीतरी पुरुष रोजीसाठी मुंबईला, जहाजांवर किंवा आखाती देशांत जातात. मागे राहिलेल्या पत्नीच्या येण्याजाण्यावर साऱ्या मोहल्ल्याची नजर असते. दूर गेलेल्या पतीच्या शीलाची चौकशी कोणी करीत नाही. ही विषमता न्याय्य आहे काय?

ही वृत्ती जुनी आहे. इंग्रज सरकारने १८६८ साली संसर्गजन्य रोगांचा कायदा केला आणि तो मुंबईतही लागू झाला. त्यान्वये वेश्याव्यवसायातील स्त्रियांची सक्तीने तपासणी होई. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची होत नसे. रोगाची अर्धी वाट मोकळीच राहिली. १८८८ साली तो कायदा रद्द झाला, वृत्ती मात्र उरली.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, मागील वर्षभरात जोडीदाराबाहेर शरीरसंबंध आल्याचे सुमारे ४ टक्के पुरुषांनी सांगितले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अर्धा टक्का होते. लज्जेमुळे काही स्त्रियांनी सांगितले नसेल, हे मान्य. तरीही केवळ स्त्रीवर पहारा ठेवल्याने घराचे रक्षण होत नाही, हे उघड आहे. पतीशी एकनिष्ठ राहिलेल्या स्त्रियांनाही पतीकडूनच एचआयव्हीची लागण झाली आहे, आणि मातेकडून तो विषाणू अर्भकापर्यंत पोहोचू शकतो.

पवित्र कुरआनातील सूरह अन-नूर पाहा. दृष्टी संयत ठेवण्याचा व शीलरक्षणाचा आदेश ३० व्या आयतीत प्रथम श्रद्धावंत पुरुषांना आहे; स्त्रियांना तो ३१ व्या आयतीत आहे. आपण मात्र दुसरी आयत घरोघर ऐकवतो आणि पहिलीपाशी थांबत नाही.

येथे कोणी विचारील, दोष झाकून ठेवण्याची शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच दिली आहे ना? निश्चितच. आपल्या पापाचा डांगोरा पिटू नये. अल्लाहपुढे तौबा करावी. परंतु पाप झाकणे वेगळे आणि धोका झाकणे वेगळे. स्वतः हानी सोसू नये व दुसऱ्यालाही पोहोचवू नये, हाही प्रेषितांचाच दंडक आहे. पत्नीचे आरोग्य ही पतीकडील अमानत आहे. मौनामुळे तिला रोग जडत असेल, तर ते मौन म्हणजे खियानत होय.

२०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने रुग्णाची गोपनीयता जपली आहे, त्याचबरोबर इतरांना लागण होऊ नये म्हणून खबरदारीचे कर्तव्यही त्याच्यावर सोपवले आहे. शासकीय केंद्रांत औषधोपचार २००४ पासून मोफत आहे. नियमित औषधाने विषाणू दबून राहतो. प्रत्येक रुग्ण पापी नसतो, म्हणून त्याचा तिरस्कार करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

निकाहापूर्वी वधूच्या चारित्र्याची चौकशी करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी वरालाही तोच प्रश्न विचारावा. ज्याच्या मनात शंका आहे, त्याने परदेशातून परतताच, पत्नीजवळ जाण्यापूर्वी, स्वेच्छेने तपासणी करून घ्यावी. मोहल्ल्याची नजर समुद्रापलीकडे पोहोचत नाही. अल्लाहची नजर दोन्ही किनाऱ्यांवर सारखीच आहे.