ताळा जुळला, म्हणून?

गुणाकार केल्यावर ताळा पाहायचा, ही शिस्त आमच्या पिढीला पाढ्यांबरोबरच लागली. ४७ गुणिले ३८ बरोबर १७८६. आता ४७ च्या अंकांची बेरीज ११, म्हणजे २; ३८ चीही तीच; दोन दुणे चार. इकडे १७८६ च्या अंकांची बेरीज २२, म्हणजे पुन्हा ४. ताळा जुळला! नवाचा हा ताळा दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धान्ता'तही दिलेला आहे. बहकलेला माणूस 'ताळ्यावर आला' असे आपण म्हणतो; हिशेबाचा शब्द आपण वागणुकीलाही लावला, तो उगाच नव्हे.

गेल्या वर्षी घरच्या लग्नासाठी इंदूरच्या सराफ्यात बांगड्या घ्यायला गेलो. दुकान तीन पिढ्यांच्या ओळखीचे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा सोन्याचा दागिना सहा अंकाक्षरी क्रमांकाशिवाय विकता येत नाही, आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या मोबाइल ॲपवर पडताळता येतो. मी खिशातून फोन काढला, तशी पत्नी हळूच म्हणाली, "अहो, घरच्यासारखी माणसं. बरं दिसतं का ते?" मीही ओशाळलो. पण वृद्ध शेठजी हसले. "मास्साब, आप तो बच्चे का गुणा भी जाँचते हो, उसे चोर थोड़े ही समझते हो! देख लो."

तपासणे म्हणजे अविश्वास दाखवणे का, या प्रश्नाचे उत्तर मला त्या गादीवर मिळाले. खरे काम करणाऱ्याला ताळ्याचा अपमान वाटत नाही. १९८६ च्या आणि पुढे त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा, परिमाण, शुद्धता जाणून घेण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. भिडेपोटी तो सोडणे हा काही सद्गुण नव्हे.

पण खरा पेच पुढेच आहे. बिस्किटाच्या पुड्यावरील बारकोडाचे १३ अंक पाहा. त्यांना ओळीने १ आणि ३ ने गुणून केलेली बेरीज दहाच्या पटीत यावी लागते. शेवटचा अंक त्यासाठीच असतो. एखादा अंक चुकला तर हा ताळा चूक पकडतो. शेजारचे दोन अंक उलटे पडले तरी बहुधा पकडतो. मात्र ते १ आणि ६ यांसारखे पाचाच्या फरकाचे असले, तर चूक निसटते. शिवाय अस्सल पुड्यावरचा क्रमांक नकली पुड्यावर जसाच्या तसा छापला, तरी ताळा जुळणारच! दिवाळीच्या खव्याचेही तेच. आयोडीनच्या थेंबाने तो निळा झाला, तर त्यात पिष्ट आहे हे कळते. निळा झाला नाही, म्हणून दुसरी भेसळ नाही असे ठरत नाही. ताळा चुकले ते सांगतो. बरोबर आहे याची हमी देत नाही.

हे मला एका सहावीतल्या मुलाने शिकवले. त्याने वरच्याच गुणाकाराचे उत्तर १८७६ लिहिले होते. अंकांची बेरीज तीच, २२. मी घाईत ताळा पाहून बरोबरची खूण केली. पेपर वाटल्यावर तो टेबलापाशी आला आणि म्हणाला, "सर, माझं चुकलंय. आठ आणि सात उलटे पडलेत." गुण कमी होणार, हे त्याला ठाऊक होते. मी दोन गुण कापले. कापताना हात जड झाला होता.

ग्राहकाने ताळा पाहावा, जरूर पाहावा. पण जिथे ताळा पोचत नाही, तिथे विकणाऱ्याचे मनच पोचते. गुणाकार शिकवता शिकवता तेवढे मन घडले, तर आम्हा शिक्षकांचा हिशेब चुकला नाही असे म्हणता येईल. त्याचा ताळा मात्र वर्गात पाहता येत नाही; तो पुढे बाजारात पाहावा लागतो.