समोरच्याची पाळी

मेंढीकोटात हरणाऱ्याला एक मोठी सोय असते. ‘हातच आला नाही’ असे म्हणून तो पाने खाली टाकतो आणि त्याला कुणी खोटे पाडू शकत नाही. 52 पाने सर्वांची सामाईक. ती कुणाच्या वाट्याला कशी यावीत हे पिसणाऱ्याच्याही हाती नसते. आमच्या शेंदूरजनाघाटला दिवाळीच्या सुटीत ओसरीवर डाव बसतात, तेव्हा हे वाक्य एका रात्रीत दहा वेळा तरी ऐकू येते. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा 120 पानांची, तिचे रंग दहा. पण न्याय तिथेही हाच. कॅट घराचा आणि हात दैवाचा. त्यामुळे हरण्यात कमीपणा नाही आणि, नीट पाहिले तर, जिंकण्यातही बढाई मारण्याजोगे फारसे नाही.

आमच्या घरात अलीकडे जो एक पत्त्यांचा खेळ शिरला आहे, त्यात ही सोय उरलेली नाही. रिचर्ड गारफील्ड नावाच्या एका अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि 1993 साली तो बाजारात आला. त्याचे नाव ‘मॅजिक : द गॅदरिंग’. याच्या पानांवर राजा, राणी, गुलाम नाहीत. हजारो निरनिराळी पाने छापली गेली आहेत. ती विकत घ्यावीत, आपसांत अदलाबदल करावी, आणि त्यांतून प्रत्येकाने आपापला निदान 60 पानांचा कॅट बांधून खेळायला बसावे. जमिनीची साधी पाने सोडली तर कोणतेही एक पान चारांहून अधिक घालता येत नाही. जमिनीची पाने म्हणजे खर्चाला लागणारे भांडवल. ती दर पाळीला एक मांडता येते. दोघांचे आयुष्य प्रारंभी 20. समोरच्याचे आयुष्य जो शून्यावर आणील तो जिंकला. पाने पिसली जातात, तेव्हा दैव अगदीच हद्दपार झालेले नाही. पण त्याने कशातून निवडायचे ते तुम्ही आधी ठरवून ठेवलेले असते. ‘हातच आला नाही’ म्हणणाऱ्याला येथे कुणीही विचारील, ‘मग कॅट बांधला कुणी?’

माझा थोरला नातू नागपूरला इंजिनियरिंगला आहे. त्याने आठ महिने खपून बांधलेल्या कॅटची हकीकत सांगितल्यावाचून माझा प्रश्न वाचकांच्या ध्यानात यायचा नाही. मूळ पाने विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाहीत. म्हणून त्याने पुष्कळ पानांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून त्या रमीच्या जुन्या पानांवर बसवल्या आहेत. घरच्या खेळात ते खपते. या कॅटचा सारा जीव दोन पानांत आहे. पहिले ‘डिसीव्हर एक्झार्क’, 2011 साली निघालेले. ते तीन जमिनींच्या खर्चात, समोरच्याच्या पाळीतसुद्धा, उतरवता येते, आणि उतरताना आपले आडवे पडलेले एक पान उभे करते. त्याचे स्वतःचे बळ अवघे एक. दुसरे ‘स्प्लिंटर ट्विन’, 2010 सालचे. ते ज्या पानावर बसेल त्या पानाला, एकदा आडवे पडून, आपली हुबेहूब प्रतिकृती काढण्याची शक्ती येते. ही प्रतिकृती त्या पाळीपुरतीच टिकते. दोन्ही पाने एकेकटी मामुली. आता दुसरे पहिल्यावर बसवा. पहिले आडवे पडते, प्रतिकृती निघते. प्रतिकृती उतरताना पहिल्याला उभे करते. ते पुन्हा आडवे पडते, पुन्हा प्रतिकृती निघते. याला अंत नाही. वीस काढा, लाख काढा, आणि सगळी फौज त्याच पाळीत चाल करून जाते. चौथ्या पाळीला खेळ खलास.

हे ऐकताना मला आमची रोपवाटिका डोळ्यांपुढे दिसू लागली. शेंदूरजनाघाट हे संत्र्याच्या कलमांचे गाव. जंभेरीचे फळ कुणी हौसेने खात नाही. पण तिचे रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की सालीला चीर देऊन तिच्यात नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात, पट्टी बांधतात, आणि पुढे त्या आंबट झाडाच्या मुळांवर गोड झाड उभे राहते. कलम करणाराचे कसब दोन चांगल्या वस्तू एकत्र आणण्यात नाही. एकीचा गुण दुसरीच्या उणिवेला नेमका कुठे भिडतो, ते ओळखण्यात आहे. नातवाने तेच ओळखले होते. खरे म्हणजे ही जोडी त्याने शोधलेली नव्हे, जगभर ती प्रसिद्ध आहे. पण जंभेरीवर संत्रा चढवण्याची युक्ती तरी माझी कुठे आहे?

त्याची स्वतःची मेहनत पुढची. दोन्ही पाने चार-चार घातली, तर चौथ्या पाळीपर्यंत हाती येणाऱ्या दहा पानांत दोन्ही सापडण्याचा योग शंभरात सुमारे 26. मग त्याने ‘पेस्टरमाइट’ नावाचे, एक्झार्कचेच काम करणारे दुसरे पान चार घातले. योग 40 वर गेला. मग कॅटमध्ये पुढे काय आहे ते डोकावून पाहू देणारी स्वस्त पाने आली. पण साठात जागा करायची म्हणजे काही काढावे लागते, आणि बांधणाऱ्याची खरी परीक्षा तिथे होते. संत्र्याचा डोळा फुटला की त्याच्या खाली जंभेरीचीही तजेलदार फूट येते. ती माया न करता खुडावी लागते, नाही तर ती संत्र्याला मागे टाकते. त्याने पहिल्या कमाईतून घेतलेला एक ड्रॅगन काढला. मग समोरच्याची पाने मोडणारी पानेही एकेक करून काढली. दुसऱ्याचे मोडत बसलो तर आपले उभारायला वेळ राहत नाही, हा त्याचा हिशेब. काढलेली पाने बिस्किटाच्या एका डब्यात गेली.

गेल्या दिवाळीत हा कॅट घरी आला. धाकट्याच्या मुलीला, ती तेव्हा नववीत होती, कुणीतरी याच खेळाचा एक तयार कॅट भेट दिला होता. दोघे ओसरीवर बसले. अकरा डाव झाले, अकराही तो जिंकला, आणि बहुतेक चौथ्या-पाचव्या पाळीला. बाराव्याला तिने पाने उचललीच नाहीत.

‘मले नाई खेळाचं.’

‘काऊन वं?’ मी विचारले.

‘खेळते तं दादाच, आबाजी. मले नुसतं पाहात बसा लागते.’

तो गोरामोरा झाला. ‘आबाजी, म्या एक तरी नियम मोडला का?’

मोडला नव्हता. आणि नियम मोडला नाही म्हणजे सर्व देणे फिटले, असे मानणारी माणसे व्यवहारातही पुष्कळ भेटतात. 1 फेब्रुवारी 1981 रोजी मेलबर्नला न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराने आपल्या धाकट्या भावाला चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितले. त्या सामन्याच्या नियमांत ते बसत होते. फलंदाजाने चेंडू अडवला आणि बॅट फेकून दिली. त्या चेंडूने फलंदाज बाद झाला नाही, त्याला फटका मारण्याची संधी तेवढी मिळाली नाही. नातीची तक्रार याच जातीची होती. तिला हरण्याचे दुःख नव्हते. मेंढीकोटात ती हसत हरते.

तर मग दादाने जरा कच्चे खेळावे, असे घरातल्या बायकामाणसांनी सुचवले. मला ते पटत नाही. मुद्दाम हरणारा मोठा माणूस मुलांना ताबडतोब ओळखू येतो, आणि त्याच्यावर मिळवलेल्या जयासारखा अपमान नाही. शिवाय आठ महिन्यांची मेहनत हा काही गुन्हा नव्हे. कॅट चांगला बांधला म्हणून त्याने ओशाळे व्हावे, असे मी तरी म्हणणार नाही.

मग दोष पानांत आहे काय? खेळ काढणाऱ्या कंपनीने ‘स्प्लिंटर ट्विन’वर ‘मॉडर्न’ नावाच्या स्पर्धाप्रकारात जानेवारी 2016 मध्ये बंदी घातली. ते फार जिंकत होते आणि इतर तऱ्हेच्या कॅटना जागा उरू देत नव्हते. डिसेंबर 2024 मध्ये तीच बंदी उठली. पानावरचे अक्षरही बदलले नव्हते. मधल्या काळात भोवतालचे कॅट इतके बलवान झाले होते, की या जोडीचे भय पूर्वीचे राहिले नाही. म्हणजे जे 2016 मध्ये अन्यायाचे, ते 2024 अखेर न्याय्य. आणि फरक पडला तो समोर बसणाऱ्यांत. स्पर्धेत जो समोर असतो त्याला ही जोडी पाठ असते. तो एखादे पान हाती राखून ठेवतो; ट्विन एक्झार्कवर बसू लागले की त्याच क्षणी एक्झार्क मारतो, आणि मांडणाऱ्याची दोन्ही पाने एका फटक्यात जातात. म्हणून तिथे मांडणाराही चौथ्या पाळीला दहादा विचार करतो. तोच कॅट आमच्या ओसरीवर, जिच्याजवळ उत्तराचे एकही पान नाही अशा मुलीपुढे, निराळी वस्तू होतो.

आणि कॅट बांधणाऱ्याला तरी शेवटी काय हवे असते? 26 चे 40 झाले, 40 चे 60 करावेत ही त्याची धडपड मला समजते. पण समजा शंभर झाले. मग पिसायचे कशाला, वाटायचे कशाला? त्याने कॅट नुसता दाखवावा आणि समोरच्याने नमस्कार करून उठावे. इतके साधल्यावर त्याच्यापाशी खेळ म्हणून काही शिल्लक राहत नाही. ज्या टोकाकडे तो प्रत्येक पान काढून आणि घालून सरकतो, त्या टोकाला पोचणे त्याला परवडणारे नाही. मला वाटते, ही गोष्ट त्याला कुठेतरी जाणवत असावी. नाही तर अकरावा डाव जिंकताना त्याचा चेहरा इतका कंटाळलेला का दिसावा?

पाडव्याच्या दुपारी तो बिस्किटाचा डबा ओसरीवर पालथा झाला. त्यात ‘डिसमेंबर’ची तीन पाने होती. एक जमीन आणि स्वतःच्या आयुष्यातले चार गुण दिले की हे पान एक्झार्कसारख्याला सहज मारते. कोणत्याही कॅटमध्ये ते चालते. मौज अशी, की 2011 च्या ज्या संचात एक्झार्क निघाले, त्याच संचात हे निघालेले. ते केव्हा टाकायचे हे त्यानेच तिला शिकवले. ट्विन खाली आल्याबरोबर, एक क्षणही उशिरा नाही. याला त्याचे औदार्य म्हणावे काय? मला त्यात देण्याचा भाग अधिक दिसतो. उत्तर आपल्या डब्यात आहे हे ज्याला ठाऊक असते आणि समोरच्याला ते मिळण्याजोगे नसते, त्याने डबा मिटून जिंकत राहणे हे नियमाला चालेल, समोर बसलेल्या माणसाला चालू नये. त्याने तो दयेपोटी उघडला की कंटाळून, हे मी विचारले नाही.

त्या संध्याकाळी पाच डाव झाले. चार त्यानेच घेतले, पण पाच-पाच जमिनी मांडून तो हातातले ट्विन धरून बसलेला मी पाहिला. ‘काऊन थांबला बे?’ म्हटले, तर तिच्या हाताकडे पाहत म्हणाला, ‘तिच्यापाशी काय हाय, काय माईत!’

यंदा बागेत आंबिया बहार रंगावर आला आहे आणि कलमांचे डोळे भरायला दिवाळीनंतर हात लागेल. नात मात्र आठवडाभर माझ्या मागे आहे. ती स्वतःचा कॅट बांधते आहे. 60 पानांत जमिनी 22 घ्याव्यात की 24, यावर तिचा निकाल लागत नाही. ड्रॅगन तिने डब्यातून उचलला आहे, तो काढायला ती मुळीच तयार नाही, आणि मी दोन्ही बाबतींत काही तरी सांगावे असा तिचा हट्ट आहे.