आधी भरतीचं गणित शिक

बस समोर. तो हप्त्यांचा हिशेब बाजूला ठेव, त्याकडे नंतर बघू. निकॉनची डी७५०० आणि २००-५०० ची लेन्स विकायची, सोनीची ए७ फोर आणि २००-६०० घ्यायची आणि कमी पडतील ते पैसे कर्ज काढून भरायचे, असं तू ठरवून मोकळा झालास. कारण काय, तर सीवूड्सच्या डीपीएस तलावावरचे तुझे रोहित पक्षी शार्प येत नाहीत. शेजारी उभं राहणाऱ्याचे येतात आणि त्याच्या गळ्यात सोनी आहे. एवढ्याशा पुराव्यावर तू वडिलांना जामीन राहायला सांगतोस? मला राग आलाय, आणि तो मी लपवणार नाही.

तुझ्या फायली मी एकेक उघडून पाहिल्या. बहुतेक सगळ्या अकरा ते एक या वेळातल्या. एप्रिलचं ऊन, तापलेला चिखल, उथळ पाणी आणि पक्षी लांबवर. मधली तापलेली हवा सतत थरथरत असते. तिच्यातून पाहिलं की पाय वाकडे दिसतात, पिसांचा लगदा होतो. तुझा फोकस बरोबर बसलाय, चित्र हवेनं बिघडवलंय. ती हवा सोनीसमोरही तेवढीच थरथरणार आहे. आणि उडता थवा तू १/२५० वर टिपलास? लेन्समधलं व्हीआर तुझ्या हाताची थरथर सावरतं, पक्ष्याचा पंख थांबवत नाही. उडता पक्षी असेल तर १/१६०० च्या खाली उतरायचं नाही, हे मी फळ्यावर लिहिलं होतं. वहीत उतरवून घेतलंस, कॅमेऱ्यावर मात्र उतरवलं नाहीस.

आता ज्या खरेदीसाठी जीव टाकतोयस तिचं साधं गणित तरी मांडलंस का? तुझ्या डी७५०० चा सेन्सर लहान आहे, दीडपटीचा. म्हणजे ५०० मिलिमीटरवर तुला ७५० इतकी चौकट मिळते. ए७ फोर फुलफ्रेम. तिच्यावर ६०० म्हणजे ६०० च. लाखांचं कर्ज काढून तुझा पक्षी चौकटीत आणखी लहान होणार. कापून मोठा करीन म्हणशील, तर ३३ मेगापिक्सेलचे दीडपट कापल्यावर पंधराच्या आसपास उरतात. आज तुझ्या हातात २०.९ आहेत. शिवाय तुझी लेन्स शेवटच्या टोकालाही एफ ५.६ देते, सोनीची ६०० वर एफ ६.३ वर जाते. हे दुकानदार तुला सांगायला बांधील नाही. तू मात्र स्वतःला विचारायला बांधील होतास.

शेजारच्या माणसाची सोनी पाहिलीस, तो किती वाजता येतो ते पाहिलं नाहीस. ठाणे खाडीतला चिखल भरतीत बुडला की तिथं चरणारे रोहित उठून या तलावाकडे येतात. म्हणजे वेळ ठरवते ती भरती, तुझा रविवार नाही. सारसोळ्याच्या जेट्टीवर कोणत्याही कोळ्याला विचार, तो पंचांगावरून सांगेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण मोठं, पण भरती भर दुपारी किंवा मध्यरात्री. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, आणि खाडीत आत पाणी पोहोचायला थोडा उशीर धर. त्या सकाळी ऊन तिरपं असतं, हवा थंड असते आणि पक्षी जवळ असतो. नेरुळमध्ये वाढलेल्या मुलाला हे मला सांगावं लागतंय, याचं मला वाईट वाटतं.

पण ज्यासाठी तुला खास बोलावलं ते वेगळंच आहे. एका मालिकेत अख्खा थवा एकदम उठलाय, आणि पुढच्याच चौकटीत तुझ्या मित्राचा हात खडा फेकून खाली येताना दिसतोय. मान खाली घालू नकोस, ऐक. हे पक्षी इथं खायला आणि विसावायला येतात. मोसम संपताना परतीच्या प्रवासासाठी अंगात बळ साठवून घ्यायचं असतं. तुझ्या एका फोटोपायी तू ते बळ खर्चायला लावतोस. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. २०२४ च्या उन्हाळ्यात याच सीवूड्स-नेरुळ पट्ट्यात मेलेले रोहित सापडले, आणि तलावात येणारं भरतीचं पाणी अडलंय म्हणून इथल्या लोकांनी आवाज उठवला. ती माणसं तलाव वाचवायला धडपडत होती आणि तू तिथं खडे मारणाऱ्यांच्या टोळीत उभा राहिलास. पुन्हा असं दिसलं तर माझ्या वर्गात पाऊल ठेवायचं नाही. सोनी असो, निकॉन असो.

सोनी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पक्ष्याचा डोळा ओळखून त्याचा पाठलाग करणारा ऑटोफोकस ही खरी सोय आहे. झपाट्यानं वळणारा सुरय पक्षी टिपायला तुझी डी७५०० कमी पडते, हे मीही मान्य करतो. २०२० नंतर निकॉनने नवा डीएसएलआर काढलेला नाही, तेव्हा कधीतरी मिररलेसकडे जावं लागेल. पण त्यासाठी घर कशाला बदलतोस? निकॉनचीच झेड५०-टू २०२४ मध्ये आली. तेवढेच २०.९ मेगापिक्सेल, तीच दीडपट, आणि पक्षी ओळखणारा फोकस. तुझ्या २००-५०० मध्ये स्वतःची मोटर आहे, म्हणून एफटीझेड अडॅप्टर लावून ती तिथं ऑटोफोकससकट चालते. तुझी जुनी ५० ची डी लेन्स मात्र हातानंच फोकस करावी लागेल, तेवढं सोस. सोनीवर गेलास तर दोन्ही लेन्सा पडत्या भावात विकशील आणि बटणांची सवय बोटांना पुन्हा पहिल्यापासून लावशील. लेन्स बसवताना फिरवायची दिशासुद्धा तिथं उलटी.

कर्जाच्या कागदावर सही करायची नाही. वडिलांशी मी आज बोलतो. येत्या दशमीला आणि एकादशीला साडेसहाला तलावावर हजर राहायचं, आहे तोच कॅमेरा घेऊन, आणि त्या मित्राला न घेता. दोन्ही दिवसांच्या सगळ्या फायली, एकही न गाळता, मला आणून दाखव. त्या पाहून मला पटलं की आता अडतंय ते कॅमेऱ्यापाशी, तर झेड५०-टू बघायला फोर्टातल्या बोरा बाजारात मी स्वतः तुझ्याबरोबर येईन.