दिलेली जागा, घेतलेली जागा

मोजणीत शेजाऱ्यांचा गोठा तात्यांच्या गटात दीड गुंठा आत निघाला. दीड गुंठ्यात आज घर उभं राहतं. तरीही तात्या दावा लावायला तयार नव्हते. मी त्यांची पुतणी आणि वकीलही, म्हणून हे बोलणं माझ्याशीच व्हायचं होतं.

"जागा माझ्या वडिलांनी दिली," तात्या म्हणाले. "त्यांची जनावरं पावसात उभी असायची. वडील म्हणाले, बांध ओलांडून छप्पर टाका. शेजाऱ्यांत कागद कोण करतं?"

"आता त्यांचा मुलगा म्हणतो, बारा वर्षांहून जास्त ताबा आहे, जागा आमचीच."

"तेवढ्यानं दुसऱ्याची जमीन आपली होते?"

"१९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे होऊ शकते. पण ताबा उघड हवा, सलग हवा आणि मालकाचा हक्क नाकारून घेतलेला हवा. तेही त्यानंच शाबित करायचं. परवानगीनं बसलेला माणूस पन्नास वर्षं बसला तरी मालक होत नाही."

"म्हणजे जिंकायचं तर त्याला कोर्टात सांगावं लागेल, माझ्या बापानं तुमची जागा बळकावली?"

"हो. आणि आपल्याला सांगावं लागेल, मायेनं दिली होती."

तात्यांना हे फार लागलं, आणि मला वाटतं, लागायलाच हवं. सर्वोच्च न्यायालयानंही २००८ मध्ये हेमाजी वाघाजी जाट खटल्यात या कायद्याला तर्कहीन म्हटलं आणि सरकारला फेरविचार करायला सांगितलं. विधी आयोगाच्या २०२३ च्या अहवालानं मात्र बदल नको म्हटलं. जुने पुरावे झिजतात, वाद कुठेतरी संपावा लागतो, हे मलाही पटतं. पण गावात कित्येक बांध वैरातून सरकलेले नसतात. कोणीतरी कोणाची अडचण भागवलेली असते, आणि ती आठवण सातबाऱ्यावर कुठेच नसते.

"दावा नाहीच लावला तर?"

"त्यानं आपला हक्क नाकारला तो मोजणीच्या दिवशी. आपल्या म्हणण्याप्रमाणे बारा वर्षं तिथून मोजायची. पण आजोबांचा शब्द ऐकलेली माणसं तोवर असतील का?"

"मग एवढंच मागू, की जमीन आमची म्हणून कोर्टानं लिहून द्यावं. गोठा राहू दे."

"तसं चालत नाही. ताबा मागता येत असताना नुसती मालकी जाहीर करून मागितली, तर विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ३४ आडवं येतं. ताबाही मागावाच लागेल."

"गोठा नको असताना मागायचा?"

"मागायचा, आणि मग तडजोडीचा हुकूमनामा घ्यायचा. मालकी तुमची, वापर त्यांचा, अटी लेखी."

"आधी समन्स, मग चहा? त्याची आई म्हणाली, कागद मागता म्हणजे विश्वास उडाला."

"विश्वास दोन माणसांत होता, तात्या. ती दोघंही गेली. जे तिथं नव्हते त्यांच्यासाठी कागद लागतो."

"पण माझ्या बापानं 'छप्पर टाका' म्हटलं. किती दिवस, ते कुठं सांगितलं? शब्द त्यांचा असेल, तर तो मलाही बांधतो."

याला माझ्याकडे फक्त कायद्याचं उत्तर होतं. कच्चं छप्पर आहे म्हणून परवानगी मागे घेता येते. त्याच परवानगीवर खर्च करून पक्कं बांधलं असतं, तर १८८२ च्या सुखाधिकार कायद्याचं कलम ६० त्यांच्या बाजूनं उभं राहिलं असतं. तात्यांचा प्रश्न विटा-सिमेंटचा नव्हता. दिलेला शब्द वारसानं किती पाळायचा, हा होता. मला वाटतं, गोठा ठेवण्यापुरता पाळावा, मालकी सोडण्यापर्यंत नाही. हेच त्यांना सांगितलं.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "लाव दावा. पण पहिल्याच परिच्छेदात लिही, की त्याच्या वडिलांनी काही बळकावलं नाही, आम्ही दिलं."

"तात्या, तो परिच्छेद आपल्याच फायद्याचा आहे. कोर्टात तो डावपेच वाटेल."

"वाटू दे. खरं आहे, म्हणून लिही. आणि गोठा पाडायचा नाही, हेही त्याच अर्जात आलं पाहिजे."

"मागणीत ताबा असेल. तडजोडीची तयारी वेगळ्या परिच्छेदात घालते."

"घाल. आणि समन्स निघण्याआधी त्याची एक प्रत मी स्वतः त्याच्या आईला वाचून दाखवीन."