वार किती ओढणार?

नांदेड

चि. सौ. ताईस,


तुझ्या आईचा काल फोन आला. पाचवा महिना लागला, रक्त (हिमोग्लोबिन) 9.2 भरलं, आणि दवाखान्यातून दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या तू फडताळात ठेवून दिल्यास. शी काळी झाली म्हणून घाबरलीस, त्यात कुणी सांगितलं की लेकरू काळं निपजतं. अगं, आतड्यात जे लोह शोषलं जात नाही त्यानं शी काळी होते. लेकराच्या रंगाशी गोळीचा काडीचा संबंध नाही.

तुझी आजेसासू म्हणते, लेकरू लागेल ते आपलं आपण ओढून घेतं. हे निम्मं खरं आहे. काळजी उरलेल्या निम्म्याची आहे.

लेकरू ओढतं ते वारेतून, आणि ती वार मी जवळून पाहिली आहे; बाळंतपणाच्या खोलीत माझी 30 वर्षं गेली. वार पडली की ट्रेमध्ये उलगडून, तुकडा आत राहिला नाही ना, हे मी बघायची. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. आईकडची बाजू काळसर लाल, काळजासारखी. बाळाकडची चकचकीत, नाळेपासून शिरांच्या फांद्या फुटलेल्या. इथं आईचं नि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मधे पातळ पडदा असतो. तुझ्या रक्तातलं लोह ट्रान्सफेरिन या प्रथिनावर बसून येतं. पडद्यावरचे रिसेप्टर त्याला धरून आत घेतात आणि पलीकडे फेरोपोर्टिनच्या दारातून ते बाळाच्या रक्तात उतरतं. आईकडे लोह कमी पडलं की वार हे रिसेप्टर वाढवते. आजेसासू म्हणते ती ओढ हीच. पण कमतरता फारच झाली तर वारेलाही आधी स्वतः जगायचं असतं. मग ती पलीकडचं दार आवळते, असं संशोधनात दिसलं आहे. लेकराच्या वाट्याला कमी येतं.

बीपीचा त्रास जडला की वारेचा रक्तपुरवठाच घटतो. शुगर ताब्यात नसली तर पोटातलं बाळ जास्त तांबड्या पेशी बनवतं, लोह तिकडे वळतं आणि मेंदूला तुटवडा पडतो. म्हणून बीपी आणि शुगर दर भेटीला तपासून घे.

अख्ख्या गरोदरपणाला सुमारे 1000 मिलिग्रॅम लोह लागतं. बाळ आणि वार मिळून त्यातलं 300 च्या वर नेतात, तेही बहुतेक शेवटच्या 3 महिन्यांत. तोवर साठा करायला तुझ्या हातात हेच दिवस आहेत. हुलगे, अंबाडीची भाजी, हळीव जरूर खा, वर लिंबू पिळ; पण तेवढ्यानं हा हिशेब भरत नाही. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. डॉक्टरांनी तुला दिवसाला 2 सांगितल्यात, त्या घे. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. मळमळलं तर रात्री जेवून घे. तरीही सोसत नसेल तर बंद करू नकोस, लातूरला मोठ्या दवाखान्यात जाऊन शिरेतून लोह देण्याबद्दल विचार.

कंधार, मुखेड, जळकोटकडच्या ऊसतोडीला गेलेल्या बायका मी पाहिल्यात. सातव्या महिन्यात हातात कोयता, गोळ्या संपल्या तर फडावर विचारायला कुणी नाही. तुझ्या दारात आशाताई येते, माय.

आणि बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना सांग, बाळ ठीक असेल तर नाळ कापायला किमान 1 मिनिट थांबा. वारेतलं उरलेलं रक्त तेवढ्यात लेकराला मिळतं.

येत्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी आहे. रक्त पुन्हा तपासून घे आणि आकडा मला त्याच दिवशी फोनवर सांग.

तुझी,
मावशी